आंब्याचं साठ: खळ्यातल्या उन्हापासून ओव्हनपर्यंत



मे महिना सरत आला की एक प्रश्न हमखास येतो. "आंबापोळी ओव्हनमध्ये होते का? किती डिग्री, किती तास?" होते. ६० ते ६५ डिग्री, थर पातळ असेल तर आठ-दहा तास, जाड असेल तर पंधरा पण लागतात. उत्तर एवढंच आहे. पण ही पोळी आली कुठून, कोणत्या आंब्याची होती आणि कशासाठी केली जायची, हे माहीत नसेल तर नुसता आकडा पाठ करून पोळी जमत नाही. एकतर वरून करपते आणि आत ओली राहते, नाहीतर चामड्यासारखी होते. म्हणून आज जरा मागचं लिहितो. लांबलंय, सवडीने वाचा.

नावापासून सुरू करू. शहरात आणि घाटावर आंबापोळी म्हणतात. आमच्या दक्षिण कोकणात जुनी माणसं साठ म्हणतात, आंब्याचं साठ, फणसाचं साठ. गोव्याकडेही तोच शब्द, थोडा उच्चार वेगळा. उत्तर प्रदेश, बिहारमध्ये अमावट. बंगालात आमसत्त्व. आंध्रात मामिडी तांड्रा, केरळात मांगा थेरा. आता बघा, एवढ्या भाषांत प्रत्येकाचं स्वतःचं नाव आहे, कुणी कुणाचं उसनं घेतलेलं नाही. बाहेरून आलेली वस्तू असती तर तिचं नावही बरोबर आलं असतं, जसं बटाटा, पाव, काजू ही नावं आली. त्यामुळे "आंबापोळी पोर्तुगीजांनी शिकवली" असं कुणी सांगितलं तर मला पटत नाही. पोर्तुगीजांनी काय शिकवलं ते पुढे सांगतो, ते वेगळंच आहे.

लेखी पुरावा पण आहे. भावमिश्र नावाचे वैद्य सोळाव्या शतकात होऊन गेले. त्यांचा भावप्रकाश हा ग्रंथ वैद्य लोक अजून वापरतात आणि भाषांतरासकट मिळतो. त्यात आंब्याच्या प्रकरणात आम्रावर्त नावाचा पदार्थ दिलाय. कृती अशी: पिकलेल्या आंब्याचा रस कापडावर पसरायचा, उन्हात वाळवायचा, वाळला की त्यावर परत रस द्यायचा, परत वाळवायचा, असं पुन्हा पुन्हा. बस. आपली साठाची कृती आणि ही कृती यात कापड आणि ताट एवढाच फरक. गुण पण दिलेत, तहान आणि उलटी थांबवतो, वात-पित्त कमी करतो, पोट साफ ठेवतो, रुची आणतो. आणि एक वाक्य मला फार आवडलं. हा उन्हाच्या किरणांनी पिकलेला असतो म्हणून पचायला हलका, असा त्याचा अर्थ. म्हणजे वैद्याच्या लेखी ऊन म्हणजे चूलच. विस्तवावर शिजवलेलं नाही, उन्हावर शिजवलेलं.

हिंदीतला अमावट हा शब्द या आम्रावर्तातूनच आलाय. आवर्त म्हणजे फेरा, पुन्हा पुन्हा करणं. सगळी मेख या 'पुन्हा पुन्हा'त आहे. नवखी माणसं ताटात बोटभर जाड रस ओततात आणि वाट बघत बसतात. वर साय धरते, सायीखाली पाणी अडकतं, तिसऱ्या दिवशी रस आंबतो आणि बुडबुडे येतात. पातळ थर, तो हाताला चिकटेनासा झाला की वर दुसरा थर, असं चार-पाच वेळा केलं तर जाडी पण मिळते आणि आत पाणी पण राहत नाही. हे कोकणातल्या बायकांना कुणी ग्रंथ वाचून सांगितलं नव्हतं. आमसुलं करायची पद्धत आठवा. रातांब्याची सालं त्याच्याच आगळात भिजवायची, उन्हात वाळवायची, परत आगळात घालायची, परत वाळवायची. तोच फेरा. कोकमाला जे तंत्र, तेच आंब्याला, तेच बरक्या फणसाला. (कापा फणस पोळीला कामाचा नाही, त्याचे गरे कडक, रस सुटत नाही. बरक्याचे गरे चाळणीवर घासून घ्यायचे.)

जगात इतरत्र पण हे आहे, थोडक्यात सांगतो. दमास्कसकडे जर्दाळूची पोळी करतात, तिला कमर अल-दीन म्हणतात, रमजानमध्ये पाण्यात विरघळवून सरबत करतात. तुर्कस्तानात द्राक्षाच्या रसात पीठ घालून पेस्तिल करतात. जॉर्जियात आंबट आलुबुखारची त्क्लापी, ती आपण आमसूल घालतो तशी आमटी-सारात घालतात. जिथे फळ एकदम येतं, लवकर नासतं आणि त्या वेळी ऊन कडक असतं, तिथे माणसाला हेच सुचलेलं आहे.

आता आपल्याकडे या.

कोकणात पावसाळ्याआधीच्या दिवसांना आगोट म्हणतात. आगोट म्हणजे चार महिन्यांची बेगमी करायची वेळ. लाकूडफाटा, सुकी मासळी, मीठ-मिरची, कुळीथ, आमसुलं, आंबोशी, पापड, कुरडया. गोव्यात याला पुरुमेंत म्हणतात, तो शब्द मात्र पोर्तुगीज आहे, आणि मे महिन्यात त्या नावाने बाजार-जत्रा पण भरतात. पूर्वी पाऊस लागला की गाव तुटायचं. मुंबईच्या बोटी पावसाळ्यात बंद. घाटरस्ते दरडींनी कधी बंद पडतील भरवसा नाही. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ साली, म्हणजे परवाचीच गोष्ट. अशा मुलुखात मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात रायवळ आंबा एकदम पिकतो. एकेका झाडाखाली सकाळी टोपलीभर सडा. खाऊन किती खाणार, विकणार कुणाला? आणि मृग आठ-पंधरा दिवसांवर आलेला. या दोन टोकांमध्ये जेवढं ऊन मिळेल तेवढ्यात आंबा वाळवून डब्यात घालायचा, हीच साठाची खरी जन्मकथा.

म्हणून मी म्हणतो, साठ हे हापूसचं नाही. साठ रायवळचं. आज दुकानात 'अस्सल हापूस आंबापोळी' असं छापलेलं असतं ते ठीक आहे, धंदा आहे. पण हापूस हे कलमी फळ. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतलं, त्यानंतर तिथे त्यांच्या पाद्र्यांनी आंब्यावर कलम बांधायची पद्धत वाढवली, आणि अफोन्सो द अल्बुकर्क याच्या नावावरून अफोन्सो, आफूस, हापूस असं नाव आलं. हापूस पहिल्यापासून विकायचं फळ, पेटीत घालून बाहेर पाठवायचं फळ. ज्याची पेटी जाते त्याचा रस ताटात कोण ओतणार? ताटात जायचा तो बिटका, आंबट-गोड, रेषेचा, नाव नसलेला आंबा. प्रत्येक झाड वेगळं. कुणाला झाडाच्या जागेवरून नाव, विहिरीवरचा, देवळामागचा. कुणाला चवीवरून, शेंदऱ्या, खोबऱ्या, साखऱ्या.

आणि पोळीला तोच चांगला. कारण सांगतो. रायवळात आंबटपणा जास्त, त्यामुळे पोळी लवकर काळी पडत नाही आणि चव वाळल्यावर पण जिवंत राहते. वाळवताना पाणी जातं, साखर आणि आंबट दोन्ही चौपट-पाचपट दाट होतात. मूळ रस नुसताच गोड असेल तर पोळी खाताना तोंड मारतं. दुसरं, रेषा. रस गाळून घेतला तरी बारीक तंतू राहतात, त्यांनी पोळी धरून ठेवली जाते, गुंडाळली तरी तुटत नाही. आणि साका हे हापूसचं दुखणं. बाहेरून फळ छान, आत पांढरा आंबट स्पंज. तो कापून टाकत बसावा लागतो, नाहीतर पोळीत पांढरट डाग येतात.

पोर्तुगीजांचं खरं देणं इथे वेगळं दिसतं. गोव्यात पेराद करतात, पेरूची वडी. पेरू अमेरिकेतून त्यांनीच आणला, नाव पण त्यांच्याच भाषेतलं. तशीच आंब्याची मांगाद. या दोन्हींची रीत एकच, गर घ्यायचा, साखर घालायची आणि विस्तवावर ढवळत ढवळत घट्ट आटवायचं. ही युरोपची पद्धत. तिकडे फळ येतं तेव्हा आपल्यासारखं ऊन नसतं, म्हणून आगीवर आटवायचं आणि साखरेने टिकवायचं. आपली पद्धत उलटी, आग नाही, साखर नाही किंवा नावापुरती, नुसतं ऊन आणि पातळ थर. गोव्यात आणि तळकोकणात एकाच आगोटीत, कधी एकाच वाड्यात दोन घरांत, एकीकडे मांगाद शिजते आणि दुसरीकडे साठ वाळतं. मला ही गोष्ट मोठी वाटते. चारशे-पाचशे वर्षं दोन रीती शेजारी शेजारी नांदल्या. आणि आज कारखान्यात जी पोळी होते त्यात दोन्ही मिसळलेल्या आहेत. साखर घातलेला गरम गर मांगादीसारखा, आणि पातळ थर साठासारखा.

साठ कुणी केलं, हे लिहायलाच पाहिजे. बायकांनी केलं. सकाळी बिटके गोळा करणं, अढीतले बघून काढणं, धुणं, माचून रस काढणं, बाठे बाजूला, चाळणीने गाळणं. मग कल्हईच्या ताटांना तुपाचा हात लावायचा (पितळेला आंबट लागलं तर कळकतं, म्हणून कल्हई पाहिजे), रस ओतायचा आणि ताट हलवून सारखा पसरायचा. खळं सारवलेलं, त्यावर ताटं. माश्या बसू नयेत म्हणून वर जुनं पातळ लुगडं. कावळा, कोंबडी, वासरू, पोरं, सगळ्यांवर लक्ष. संध्याकाळी ताटं पडवीत. दुसऱ्या दिवशी परत. मध्येच ढग आला तर सगळ्यांनी धावायचं. आमच्या आजीला आकाशाचा वास यायचा, वळीव कधी येणार ते ती आधी सांगायची आणि आम्ही पोरं ताटं उचलायला उभी. या कामाची कुठे नोंद नाही. बागायतीच्या वहीत पेट्या लिहिल्या जातात, दलाल लिहिला जातो, हमाली लिहिली जाते. साठाची एक ओळ सापडायची नाही. पण श्रावणात उपासाला, पोरांना तोंडात टाकायला, चाकरमान्याच्या पिशवीत मुंबईला न्यायला डब्यातून निघायचं ते हेच. गडी कमावता असो नसो, घरात गोड हे होतं.

मग गाडं कुठे बदललं?

दोन गोष्टी झाल्या. १९९० साली महाराष्ट्र सरकारने रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आणली. शंभर टक्के अनुदान. कोकणातल्या डोंगरउतारावरचे वरकस रान, कातळ, सगळीकडे हापूसची कलमं लागली. १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोय कलमाची पद्धत लोकांपर्यंत नेली, त्यामुळे रोपं स्वस्तात आणि भरपूर मिळाली. ही योजना चांगलीच होती, माझ्यासारख्या कितीतरी जणांचं घर त्यावर उभं आहे. पण जागा करताना रायवळ तुटले. आणि आणखी एक, आंब्याचं लाकूड पेट्यांच्या फळ्यांना चालतं. म्हणजे रायवळ तोडायचा, त्याच्या फळ्या करायच्या आणि त्या पेटीत हापूस भरून पाठवायचा. शंभर वर्षांचं झाड एका हंगामाच्या पेट्यांत संपतं. आंब्याच्या लाकडाला वीटभट्टी आणि जळाऊचा गिऱ्हाईक पण कायमचा.

दुसरी गोष्ट कारखान्याची. म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्र संशोधन संस्था १९५० सालची. तिथे आणि नंतर कृषी विद्यापीठांत फळांच्या पोळीला, ते फ्रूट बार म्हणतात त्याला, शास्त्राची शिस्त लागली. गरातली साखर मोजायची, आम्ल मोजायचं, गर तापवायचा, गंधकाचं क्षार म्हणजे के.एम.एस. किंचित घालायचं, ट्रेमध्ये पसरून गरम हवेच्या ड्रायरमध्ये ठेवायचं. पाऊस असो नसो, पोळी तयार. कॅनिंगला जाणारा बारका, डागी हापूस या कामाला वापरता आला, त्याला दर मिळाला. बचत गटांच्या बायकांच्या हातात पहिल्यांदा या कामाचे पैसे आले. हे सगळं चांगलं झालं.

पण साखरेचा हिशोब एकदा बघा. समजा दहा किलो रस घेतला, त्यात १८ टक्के घन पदार्थ. म्हणजे १ किलो ८०० ग्रॅम. बाकी पाणी. पोळीत शेवटी १५ टक्के पाणी ठेवायचं म्हटलं तर पोळी भरते साधारण २ किलो १०० ग्रॅम. आता त्याच रसात एक किलो साखर घाला. पोळी भरते ३ किलो ३०० च्या आसपास. एका किलो साखरेने पोळी जवळजवळ १ किलो २०० ने वाढली. आंब्याचा एक किलो घन पदार्थ जमवायला साडेपाच किलो रस लागतो, म्हणजे दहा किलोच्या वर आंबे. त्यामानाने साखरेचा दर काय ते तुम्हीच बघा. म्हणून दुकानातली पोळी गोड गोड होत गेली, आणि मग बिनआंबट रसाला चव यावी म्हणून वरून सायट्रिक ॲसिड. जे आंबट रायवळात फुकट होतं ते आता पुडीतून येतं. कायद्यात बसतं, खोटं काही नाही त्यात. पण पाकिटावर घटक लिहिलेले असतात, आंबा पहिला आहे की साखर पहिली ते वाचून घ्या. जास्त वजनाचा घटक आधी लिहायचा असतो.

आता ओव्हनकडे येतो, कारण हल्ली ओव्हन ही चैन राहिलेली नाही, गरज झालीय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे किनाऱ्याला लागलं. पुढच्याच वर्षी मेच्या मध्यावर तौक्ते कोकणाला घासून गेलं. २०२५ ला तर २५ मेलाच मान्सून देवगडपर्यंत पोचला, आणि त्याच्या आधीचे दिवस पण पावसातच गेले. ज्या पंधरवड्यात साठ वाळायचं तोच पंधरवडा हातातून गेला. झाडाखाली आंबा कुजला. भावमिश्राने सांगितलेली चूलच विझली म्हणा ना.

ओव्हन म्हणजे दुसरं काही नाही, डब्यात धरलेलं ऊन. पण उन्हाच्या दोन गोष्टी त्यात नसतात, त्या आपण द्यायच्या. एक वारा. खळ्यात वारा फिरतो, रसातून निघालेली वाफ घेऊन जातो. बंद ओव्हनमध्ये वाफ तिथेच कोंडते आणि रस वाळण्याऐवजी शिजतो. म्हणून दार बोट-दोन बोट उघडं ठेवायचं, लाकडी उलथनं अडकवलं तरी चालतं. पंखा असलेला ओव्हन असेल तर उत्तम, घरात लहान पोरं असतील तर दाराकडे लक्ष ठेवा. दुसरी गोष्ट मंदपणा. ऊन कधी घाई करत नाही. ओव्हनला घाई करता येते आणि तिथेच घात होतो. ९०-१०० वर ठेवलं की वरचा थर पटकन सुकून कडक होतो, आतलं पाणी बाहेर पडायची वाट बंद, आणि कडेची साखर तांबूस-काळी. बऱ्याच लहान ओव्हनचा आकडाच १०० पासून सुरू होतो. त्यांना दार थोडं जास्त उघडं ठेवून आणि आत थर्मामीटर टाकून ६०-६५ वर आणायला लागतं. जमत नसेल तर तो ओव्हन या कामाचा नाही, त्यात नानकटाई करा.

रस आधी ८० डिग्रीपर्यंत तापवून घ्यावा, चार-पाच मिनिटं, मग गार करून ओतावा. यीस्ट मरतं, रस आंबत नाही, आणि फळातलं जे द्रव्य पोळी काळी पाडतं ते पण थंडावतं. पूर्वी हे करत नसत, कारण कडक उन्हात पातळ थर दिवसात आवळायचा. ट्रेवर बटर पेपर किंवा स्टीलच्या ताटाला तुपाचा हात. थर तीन ते पाच मिलिमीटर, कडेला किंचित जाड, कारण कडा आधी वाळतात. मधोमध बोट लावून बघा, खळगा पडत नाही आणि चिकटत नाही, की सोडवून उलटी करा आणि तासभर द्या. जाड पोळी पाहिजे तर फेरा करा, पहिला थर हाताला चिकटेनासा झाल्यावर दुसरा. ओव्हनमध्ये पण नियम तोच आहे. झालेली पोळी लगेच डब्यात घालायची नाही, पूर्ण गार होऊ दे, नाहीतर डब्यात घाम धरतो आणि आठवड्यात बुरशी.

विजेचा हिशोब पण सांगून ठेवतो. दहा किलो रसातून जवळजवळ आठ किलो पाणी उडवायचं. नुसतं पाणी उडवायलाच निदान पाच युनिट वीज लागते, हे अगदी कमीत कमी. दार उघडं ठेवलेला घरचा ओव्हन याच्या कितीतरी पट खाणार. शिवाय एका वेळी त्यात दोन ट्रे, म्हणजे जेमतेम किलो-दीड किलो रस. घरच्यापुरतं ठीक, दोनपाच पोळ्या. धंदा या ओव्हनवर होणार नाही. विकायचं असेल तर सोलर ड्रायर आणि त्याला ढगाळ दिवसासाठी विजेची किंवा लाकडाची जोड, हे परवडतं. केंद्राने २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाची योजना आणली, तिच्यात अशा युनिटला ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत कर्जाशी जोडलेलं अनुदान ठेवलं होतं. तालुक्याच्या कृषी कार्यालयात चौकशी करा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर यंत्राचा प्रश्न अवघड नाही, ऊन गेलं तर ड्रायर आहे. अवघड आहे तो आंब्याचा प्रश्न. रायवळ म्हणजे कोयीपासून आलेलं झाड, प्रत्येक एकटं. हापूसचं एक झाड मेलं तर त्याच्यासारखी लाखो आहेत. विहिरीवरचा शेंदऱ्या तोडला तर तो आंबा जगातून गेला, त्याची कोय लावली तरी तोच आंबा येईल याची खात्री नाही. २०१८ ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. आनंद झाला. रायवळला नावच नाही तर मानांकन कसलं मिळणार. आणि कृषी खात्याच्या माणसांना, विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, गावात आलात की हापूसची फवारणी सांगून झाल्यावर दहा मिनिटं म्हाताऱ्या बायकांना विचारा, साठाला कुठल्या झाडाचा आंबा चांगला. त्या बोट दाखवून सांगतील. कुठला रस पातळ, कुठला काळा पडतो, कुठल्याची पोळी वर्षभर राहते, हे त्यांना पाठ आहे. ती माहिती आणखी दहा-पंधरा वर्षांनी विचारायची म्हटलं तर सांगायला कोणी नसेल.

आमच्या वाडीत आम्ही तसंच केलं. तीन झाडं निघाली, तिन्ही साठाची म्हणून जुन्या बायकांनी एकमताने सांगितलेली. एक तर सड्याच्या कडेला अर्धं पोखरलेलं आहे, फांद्या दोनच जिवंत. आता मेमध्ये रायवळच्या कोयी जमवून रुजत घालतोय. जुलैत त्यांना तांबूस कोवळे कोंब आले, रोप पंधरा दिवसांच्या आतलं असतानाच, या तीन झाडांच्या काड्या आणून कोय कलम बांधायचं. काडी तीन-चार महिने वयाची, शेंड्याचा डोळा फुगलेला पण न फुटलेला अशी निवडायची, आणि कापायच्या आठवडाभर आधी तिची पानं देठ ठेवून खुडायची. प्रत्येक झाडाची वीस धरलीत, निम्मी जगली तरी वाडीतल्या प्रत्येक घराला एकेक देता येईल. पोखरलेल्या झाडाची आधी बांधणार.